मधला तट्टा

पळसतांडा, महागावजवळ
ता. ३ फेब्रुवारी १९६३

भावसिंग गुरुजी यांस पुंडलिकचा नमस्कार.

शाळेतल्या दोन वर्गांमधला बांबूचा तट्टा अखेर काढला. त्याला एकंदर काय लागलं ते आधी सांगतो: दोर कापायला विळा एक, माझ्या अंगठ्याचं अर्धं नख, आणि एक बोकड. बोकड कशाला, ते पुढे येईल.

तुमची याडी बरी आहे. गुडघे दुखतात म्हणते, पण लेकाच्या नावानं मला बोल लावायला रोज शाळेपर्यंत चालत येते. कापसाची शेवटची वेचणी झाली, तुरी घरात आल्या. तुमच्या झरीकडे जंगलात थंडी फार म्हणतात. घोंगडी पाहिजे तर कळवा, दिग्रसहून आणवतो.

आता मुख्य बातमी. मागच्या महिन्यात तपासणी झाली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "शिक्षक उपक्रमशील. नवा प्रयोग अनुकरणीय." हे मी चारदा वाचलं आणि पाचव्यांदा घरी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. विमल म्हणाली, "झालं असन तं जेवून घ्या."

प्रयोग असा. पहिली-दुसरीच्या पोरांमध्ये चौथीची पोरं मिसळून बसवली. "वीस बैल मिठाच्या गोण्या घेऊन निघाले, सात नाल्यात अडले, पुढे किती गेले?" हे मी मराठीत विचारलं की लहानी पोरं कौलांकडे पाहत. तेच चौथीतली मोतीबाई तांड्याच्या गोर बोलीत सांगते, हातवारे करून बैल अडवून दाखवते, की तिकडून आरोळी येते, "तेरा! पण गुरुजी, त्या सात बैलांले नाल्यातून कोन काढन?" मग सगळ्यांनी पाटीवर तेरा लिहायचे, आणि नाला, बैल, मीठ हे शब्द मराठीत. तुम्ही गेल्यावर पट एकोणीसवर आला होता, तो आज छत्तीस आहे.

साहेब खूश झाले, पण जाता जाता एक सांगून गेले. दुसऱ्या मास्तराची जागा मार्चअखेर भरली नाही तर ती दुसऱ्या गावाला जाईल. म्हणजे चारही वर्ग कायमचे माझ्या एकट्याच्या गळ्यात. गुरुजी, ती जागा तुमची आहे. तुम्ही परत या. इथल्या पोरांना तुम्ही हवे आहात, आणि मलाही.

अर्जाची चिंता नको, असं मी तांड्याला छातीवर हात मारून सांगितलं. माझ्या हातचा अर्ज रिकामा परत आला, असं या भागात कुणी म्हणणार नाही. विहिरीचा गाळ माझ्या अर्जावर निघाला, एसटी फाट्यावर थांबते ती माझ्या अर्जानं. कापसाच्या जिनात गोण्या उचलता उचलता सातवी पास झालेला माणूस मी, पण अक्षर पाहून कारकूनसुद्धा खुर्ची देतो.

आता तपासणीच्या दिवशीचं थोडं राहिलं आहे. साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" मी म्हणालो, "माझीच." दारात तुमची याडी मानीबाई उभी होती.

"साहेब," ती म्हणाली, "हे याचं नोहे. माह्या भावसिंगचं हाय. तो असाच शिकवे अन् हा मास्तर तट्ट्याले कान लावून बसे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "म्हातारी आहे, चालायचंच."

दुसऱ्या दिवशी ती आली, दाराशी बसली, एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जिनात सात वर्षं काढली मी. सरकी काढायचे वीस रेचे चालू असताना एक बंद पडला तर आवाजावरून सांगायचो. बंद पडलेलं मला ऐकू येतं.

आणि तुमचा वर्ग तर मी पुरता ऐकला होता. तुमच्या गलक्यात माझे पाढे मोडतात म्हणून तट्टा मीच बांधायला लावला. त्यानंतर माझ्या बाजूची पोरं "बे एके बे" म्हणता म्हणता मधेच थांबत आणि तुमच्या बैलांची गोष्ट ऐकत. पलीकडे तुमची पोरं हसत. ते हसणं मला सोसलं नाही.

एकसष्टच्या पावसाळ्यात तुमच्याविरुद्ध अर्ज गेला, की वर्गात मराठी बोलली जात नाही. खाली अंगठे तांड्यातल्या पाच जणांचे होते. तुमची झरीला बदली झाली, आणि तुम्ही आपल्याच लोकांवर रुसून गेलात. गुरुजी, त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेच्या कौलांचा अर्ज आहे असं सांगून मी अंगठे घेतले. मजकूर माझा, अक्षर माझं.

चौथ्या दिवशी हे मी तुमच्या याडीला सांगितलं, मग तांड्याच्या लखीराम नाईकाला. नाईकानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "तरीच कौलं आली नाही! दीड साल झालं, मी वर पाहून राह्यलो." पंच बसले. दंड एक बोकड, सगळ्या तांड्याला जेवण. वाढायला मी. तुमची याडी पानावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, मीठ कमी पडलं. त्या सात बैलांवरच राह्यलं वाटते." त्या दिवसापासून पुन्हा बोल लावते. मी निवांत झोपतो.

प्रयोग तुमचा, हे साहेबांना लेखी कळवलं आहे. अर्जाचंही कळवलं आहे. त्यांनी काय करायचं ते करावं.

सोबत कोरा कागद आहे. साहेब म्हणतात, तुमची स्वतःची विनंती आली तरच जागेचं काही होईल. लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. न लिहिलंत तरी मी समजेन. तुमच्या याडीला काय सांगायचं तेवढं कळवा.

तुम्हाला घालवायचा माझा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला होता. परत आणायचा मी दोनदा केला. दोन्ही परत आले.

तट्ट्याच्या अलीकडचा,
पुंडलिक