दोन नावांची अर्जदार

१८.११.८५, सौंसर
फराळाचे डबे अजून संपले नाहीत आणि मी परत संत्र्यांत. रामाकोन्याच्या बागेतून दोन पोती गळ आली. झाडाखाली पडलेली, पेटीत न जाणारी फळं बागवाले फुकट नेऊ देतात, नाहीतर उकिरड्यावर टाकतात. रस काढला. सरबताच्या अकरा बाटल्या.

संध्याकाळी त्यातली एक फुटली. बूच देवघरापर्यंत गेलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात काय बॉम्ब करून राहिली का?" हसल्या नाहीत.

बस-स्टँडवरचा हॉटेलवाला आता बाटल्या ठेवायला तयार नाही. "वैनी, लायसन नाही तं मी फसतो ना." त्याचंही चूक नाही. म्हणजे चार वर्षांचा खटाटोप पाहुण्यांना सरबत पाजण्यापुरताच.

ह्यांनी पेपरमधलं कात्रण आणलं. मॅट्रिक झालेल्यांना छोटा धंदा काढायला मदत: यंत्र, जागा, नोंदणी, परवाना कसा काढायचा त्याचा सल्ला. वयाची अट पस्तीसच्या आत. मी ११ फेब्रुवारीला पस्तीस पूर्ण. वाढदिवसाची भीती आयुष्यात पहिल्यांदा वाटतेय.

२२.११
नागपूर. सकाळच्या बसने. आमच्याकडे चष्मा असो, शालू असो की दुखणं, माणूस आधी नागपूरच्या बसमध्ये चढतो आणि मग विचार करतो. मीही तेच केलं. लघुउद्योगाचं ऑफिस शोधत तीन तास फिरले. साहेब भला होता, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. गळ, रस, फुटलेली बाटली, सगळं. मग फॉर्म पुढे ओढून विचारलं, "गाव?"
"सौंसर."
पेन खाली ठेवलं त्यांनी. "अहो बाई, सौंसर सीमेपलीकडे, तुमचं राज्यच वेगळं. तुम्ही छिंदवाड्याला जायला हवं."
मी मराठी बोलत होते, तेही. दोघांच्या लक्षात यायला अर्धा तास लागला.
परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. कुणी ओळखीचं बोलायला आलं असतं तर रडले असते.

२९.११
छिंदवाडा. इथे सगळं हिंदी. मी घरून पाठ करून गेलेलं वाक्य दारातच विसरले. एक वयस्कर साहेब, जाड चष्मा, हातात मोसंबी सोलत बसलेले. म्हणाले, "सौंसर से यहाँ तक क्यों आईं? सौंसर में तो मैं खुद बैठता हूँ."

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी. जनपदच्या, म्हणजे तालुका पंचायतीच्या, ऑफिसमागच्या खोलीत. गेली दोन वर्षं.

त्या खोलीवरून मी भाजीला जाते. दारावर हिंदीत पाटी आहे, 'उद्योग परामर्श'. रोज वाचत असणार. हिंदीतली पाटी सरकारची, आपल्यासाठी नाही, असं कुठेतरी डोक्यात पक्कं बसलंय. दोन राज्यं पालथी घातली आणि सल्ला घरापासून दहा मिनिटांवर. ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. मला जेवण गेलं नाही.

१२.१२
दुसरा गुरुवार. पांढुर्ण्याच्या शाळेतून ह्यांना सुट्टी मिळाली नाही, एकटीच गेले. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, चष्मेवाले साहेब, आणि माझ्याआधी फक्त एक सायकल-दुरुस्तीवाला.

पिशवीतून बाटली काढली. साहेबांनी वास घेतला, चमच्याने चाखलं, तोंड वाकडं केलं. "कड़वा क्यों है, मालूम है? आप बीज भी दबा देती हैं." चार वर्षं मी सालीला दोष देत होते. बिया दाबायच्या नाहीत. बाटल्या आधी उकळून घ्यायच्या. टिकवायची पूड किती घालायची तेही लिहून दिलं. एका तासात इतकं शिकले की वहीची चार पानं भरली.

मग कागद काढले. मॅट्रिकचं सर्टिफिकेट माहेरचं, काटोलचं, माझ्या लग्नाआधीच्या सुमन या नावाचं. रेशनकार्डावर मी वसुंधरा.
"ये सुमन कौन है?"
"मीच. मैं ही."
"और वसुंधरा?"
"वो भी मैं."
साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, नाव कोण बदलतं? त्यांना समजावून सांगताना मलाच विचित्र वाटलं. सर्टिफिकेट नसेल तर माझं शिक्षणही नाही आणि वयही नाही. साहेब म्हणाले, अर्ज मंजूर करणारी कमिटी विचारणारच. तहसीलमध्ये शपथपत्र करा, लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार हवेत, एक माहेरचा, एक सासरचा. नवरा चालणार नाही.
माहेरचा म्हणजे दादा, काटोलहून येईल. सासरकडून ह्यांचे वडील गेले, काका गेले, मामा गेले. उरल्या सासूबाई.

१३.१२
सासूबाईंना कसं विचारू?
ह्यांची मोठी बहीण सुमन. माझ्या लग्नाच्या वर्षभर आधी तापाने गेली. एकोणीस वर्षांची. सोयरीक जमली होती, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. मी इथे आले तेव्हा ताटात तांदूळ पसरून अंगठीने ह्यांनी वसुंधरा लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. शेजारणीने कानात सांगितलं, "या घरात ते नाव चालत नाही, बाई." अठरा वर्षांची होते, मान हलवली. तेव्हापासून सोळा वर्षांत या घरात कुणी सुमन म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. माहेरचे आले तरी वसुंधरा म्हणतात.

२२.१२
ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला आईंशी.
"मले नको लावू या भानगडीत. तिच्यासमोर ते नाव मीच काढत नाही."
"मग मी काढू?"
"पुढच्या वर्षी दुसरी कोणती योजना निघेल."
पुढच्या वर्षी मी छत्तीस. हे बाकी माणूस सोन्यासारखे, पण आईपुढे पाटीपेन्सिल घेतलेला पोरगा. रात्रभर तळमळले.

९.१.८६
दुसरा गुरुवार. बिया न दाबता केलेली बाटली नेली. साहेब अर्धा पेला प्यायले. "अब बना." एवढंच. पण आवडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.
"शपथपत्र?"
"होतंय."
"मैं अगली बार तेरह फरवरी को आऊँगा."
तेरा. मी अकराला पस्तीस. म्हणजे अर्ज इथे द्यायचा प्रश्नच नाही, दहापर्यंत स्वतः छिंदवाड्याला पोचवायचं. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दहाच्या भोवती लाल गोल केला.

१५.१
काल संक्रांत. तिळगूळ देताना आई बऱ्या मूडमध्ये होत्या. आज दुपारी वाती वळत बसल्या असताना विचारलं. दोनच वाक्यं. तहसीलमध्ये यायचं, आणि सांगायचं की लग्नाआधी हिचं नाव सुमन होतं.
हातातली वात तशीच राहिली. उठल्या, आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

१८.१
शनिवार. आई जामसांवलीच्या देवळात एकट्याच गेल्या. दर शनिवारी मी सोबत असते. परत आल्या, प्रसाद ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही.

२६.१
मुलं झेंडावंदनाला गेली होती. आई म्हणाल्या, "काहून हे लायसन पायजे तुले? घरात काय कमी आहे?"
आणि माझा तोल गेला. म्हणाले, "मला माझं नाव पाहिजे. मी तुमच्या लेकीचं चोरलं नव्हतं. माझ्या आईबापांनी ठेवलेलं होतं ते. सोळा वर्षं गप्प बसले."
हे अंघोळीचा तांब्या घेऊन दारात उभे.
आई म्हणाल्या, "हाव."
मला इतकी लाज वाटली. आणि शब्द मागेही घ्यावेसे वाटले नाहीत. दोन्ही खरं आहे.

२.२
आठ दिवस राहिले. दादाला पत्र टाकलंय, सातला ये म्हणून. आई बोलतात, पण कामापुरतं. मीठ दे. गॅस बंद कर. मी पुन्हा विचारलं नाही. विचारणार नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कॅलेंडर दिसतं.

७.२
नीट लिहायला हवं.
दादा दहाच्या बसने आला. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली शपथपत्र लिहिणारा बसतो, त्याच्यासमोर आम्ही दोघं. मजकूर टाइप झाला. दादाची सही झाली. "दूसरा गवाह?" मी म्हटलं, येताहेत. का म्हटलं, माहीत नाही. सकाळी निघताना त्या देवापुढे बसल्या होत्या, मी फक्त "येते" म्हटलं होतं.
बारा वाजले. एक वाजला. दादा म्हणाला, "सुमे, चाल आता. जेवून घेऊ." लिहिणारा डबा उघडून बसला.

आणि फाटकातून आई. चालत. डोक्यावर पदर, काखेत कापडाचं बोचकं. माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ लिहिणाऱ्यासमोर जाऊन बसल्या.
"माय, ही कोण?"
"माही सून."
"लग्नाआधी नाव काय होतं?"
आईंनी बोचकं सोडलं. हिरवा परकर होता, जुना, घड्या पिवळ्या पडलेल्या. त्याच्या आत पत्रिका. माझ्या लग्नाची, सासरकडून छापलेली. चारी कोपऱ्यांना कुंकू. ह्यांच्या नावाखाली छापलेलं, चि. सौ. कां. सुमन.
त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे पाहा. सुमन. नाव मी बदलवलं हिचं."
आवाज अगदी साधा होता. सही सावकाश केली, वळणदार, चौथी शिकल्यात त्या.

परकर कुणाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या सुमनची पत्रिका कधी छापली गेलीच नाही. त्यांच्यासाठी लग्नाच्या पत्रिकेवर सुमन असं जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या पत्रिकेवर. सोळा वर्षं ती त्यांच्या ट्रंकेत होती आणि मला वाटत होतं त्यांना ते नाव ऐकवत नाही.
तिघंही चालत घरी निघालो. दादा मधेच म्हणाला, ऊन फार आहे. होतं.

१०.२
छिंदवाडा. चष्मेवाले साहेब दौऱ्यावर. काउंटरवर दुसरा, तरुण, घाईत. एकेक कागद तपासला. शपथपत्र पाहिलं, मग आईंनी सोबत दिलेली पत्रिका माझ्या हातात पाहिली. "शादी का कार्ड ओरिजिनल है? लगा दीजिए. वापस मिल जाएगा."
मागे आठ माणसं. घड्याळात साडेतीन. मला म्हणता आलं असतं, नक्कल करून आणते. दुकान रस्त्यापलीकडे होतं. पण त्याने हात पुढे केला होता आणि आज दहा तारीख होती. मी दिली. पंचिंग मशीनने भोक पाडलं त्याने, कुंकवाच्या कोपऱ्यात, आणि दोरीत ओवली.
पावती मिळाली. 'सुमन उर्फ वसुंधरा.' शिक्का आजचा. कमिटी मार्चमध्ये बसेल. काय होईल, कुणी सांगत नाही.
पावती हातात घेऊन खूप आनंद व्हायला हवा होता.

रात्री आई. "पत्रिका?"
खोटं बोलावंसं वाटलं. बॅगेत आहे म्हणणार होते. म्हटलं, "फायलीत लावली. परत देतील."
परकराची घडी मांडीवर होती. ती त्यांनी परत एकदा घातली.
"सांगतलं का त्यायले, ते माह्या सुमनची हाय म्हणून?"
नाही सांगितलं. काय सांगणार होते मी त्या काउंटरवर. मान खाली घालून बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं, आई."

११.२
पस्तीस. ह्यांनी पेढे आणले. आईंनी ओवाळलं, नेहमीसारखं. नाव घेतलं नाही, हेही नाही आणि तेही नाही.

१२.२
रामाकोन्याहून एक पोतं आलं. बिया न दाबता सहा बाटल्या. एकही फुटलेली नाही अजून.
उद्या दुसरा गुरुवार. साहेबांना गाठून फाइल सोडवता येते का विचारणार आहे. पत्रिका काढली तर अर्ज अपुरा होईल का, तेही विचारायचं. तसं म्हणाले तर? आज दिवसभर हाच हिशेब डोक्यात, आणि उत्तर दर तासाला बदलतंय.
मघाशी आई दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती वाजता बसते तो साहेब?"
"अकराला."
"मी येतो."
उद्यासाठी त्यांनी नऊवारी काढून खुंटीला लावलीय. खाली तोच हिरवा परकर, रिकामा, घडी घालून ठेवलेला.