पिवळं न होणारं पाणी

४ एप्रिल १९७९
गिरडच्या अलीकडच्या या गावात दुपारी पोचलो. रस्ताभर दर्ग्याची टेकडी दिसत होती. काम सोपं आहे: सार्वजनिक विहीर साफ ठेवायची, रोज औषध टाकायचं. सरपंच वासुदेवरावांनी विहिरीला लागूनच खोली दिली. पाणी भरणाऱ्या आनंदाबाई मला बघून म्हणाल्या, "साहेब, आमच्या इहिरीले दवाखान्याचा वास लावू नोका बरं, चायलेबी तोच येते मंग!" बायका हसल्या. मीही हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा.

६ एप्रिल
विहीर उपसून घेतली. झऱ्याच्या तोंडावर तांबूस, बुळबुळीत थर होता. खराट्यानं घासून काढला, झरा मोकळा झाला. पाणी चढल्यावर ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी विहिरीत सोडली. अर्ध्या तासानं नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पिवळं झालं, म्हणजे औषध टिकलं. वासुदेवरावांनी घरच्यांची चौकशी केली. बायको, पंचफुला, होळीच्या आधी हगवणीनं गेली, एवढंच सांगितलं.

९ एप्रिल
आज पाणी पिवळं झालं नाही. दुप्पट औषध टाकलं, तरी नाही. तीन दिवसांत झऱ्यावर थर परत आला, जिभेसारखा मऊ. पाणीही हातभर खाली गेलंय. आनंदाबाई म्हणाल्या, "कोनीतरी आपल्या आंधी पिऊन राह्यलं, साहेब." या वेळी कोणी हसलं नाही.

११ एप्रिल
एकदाच लिहून ठेवतो. पंचफुला दोन दिवस पाणी मागत होती. हगवणीत पाणी देऊ नये, वाढते, असं घरचे म्हणाले. मी ऐकलं. कापसानं फक्त ओठ ओले केले. माझं कामच पाण्याचं, तरी.
तिला जाळून घाटावरून निघताना मागं बघायचं नसतं, बोलायचं नसतं. ती रोज वावरात जाताना "येतो" म्हणायची, मी "येजो", म्हणजे परत ये, म्हणायचो. त्या दिवशीही सवयीनं तोंडातून गेलं: येजो. सासऱ्यांनी माझा हात घट्ट दाबला.

१३ एप्रिल
चार घरांत हगवण. आनंदाबाईंची नातही आजारी. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, थांबू नका, असं घरोघर सांगितलं. भरदुपारी विहिरीत वाकलो तर खालून घोट घेतल्याचा आवाज. औषध सोडताच थांबला. मग पंचफुलाचा आवाज, अगदी हळू. कडू लागते जी, म्हणाली.

१४ एप्रिल
औषध टिकलं तर ती तहानलेली. नाही टिकलं तर ती पोर —
विहीर पुन्हा उपसली. झरा घासला. थर खराट्याखाली आखडत होता. नोका जी, नोका, म्हणत होती. घासत राहिलो.
पाणी पिवळं झालं.

१५ एप्रिल
नात उठून बसली. आनंदाबाईंनी भाकर आणून दिली. तशीच झाकून ठेवली. दुसऱ्यांदा पाणी नाकारलं मी पंचफुलाला.

१७ एप्रिल
विहीर ठीक. माझा माठ रिकामा. काठावर तांबूस थर —
दारात उभी आहे. ओठ फुटलेले.
उकळून गार केलेलं पाणी होतं. भांड्यानं घेत नाही. हातानं पाजलं.

संपलं पाणी. ती तळहात सोडत नाही. बोटं सुकत चालली — डाव्या हातानं लिहितोय.
तिसऱ्यांदा तिला नकार देणार नाही. पी, पंचफुला —
माझी जीभ टाळ्याला चिकट