हिऱ्याला विसर पडत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आगरदांड्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघीला आले. गार वारा, हातात गरम भजी; नोकरीची सुरुवात याहून चांगली काय व्हायची? प्रयोगशाळा टेकडीवर एकटीच आहे. काम सोपं करून सांगायचं तर हिऱ्यातल्या कार्बनच्या अणुकेंद्रकांना लेझरनं एका दिशेला वळवायचं, मग अंधारात ठेवायचं आणि ती दिशा किती वेळात विसरतात ते मोजायचं. जितक्या उशिरा विसरतील, तितकी क्वांटम संगणकाची स्मृती पक्की. मे महिन्यात आरोहीला इथे आणणार. लेक सात वर्षांची, पण हिरा बघायला माझ्याहून उतावळी.

५ फेब्रुवारी
प्रयोगाच्या चुंबकामुळे हिऱ्याच्या खोलीत धातू चालत नाही. दाराशी प्लास्टिकचा डबा आहे, त्यात सगळं काढून ठेवायचं. मी घड्याळ ठेवलं आणि आरोहीनं तारेत निळे मणी ओवून दिलेली अंगठी. डब्यात आधीच एक पुरुषी घड्याळ होतं. स्वयंपाकाच्या सत्यवतीबाई म्हणाल्या, ते आधीच्या निकेतसाहेबांचं. ते म्हणे आता दिवसभर फेरीबोटीनं ये-जा करतात, घर कुठल्या तीरावर ते त्यांना आठवत नाही. गावात गप्पांना तोटा नसतो.

१० फेब्रुवारी
खोली रिकामी असली की हिऱ्याच्या स्मृतीची आलेखातली रेघ ठरल्याप्रमाणे खाली येते. मी आत बसले की येत नाही. आज तर वर चढली. उपकरणं तीनदा तपासली, चूक नाही. असा आकडा कुणालाच मिळाला नसेल! दुपारी आरोहीनं फोनवर आमच्या मांजराचं नाव विचारलं. मला आठवेना. ती रुसली.

१३ फेब्रुवारी
चार तास आत बसले. रेघ आणखी वर. बाहेर आल्यावर ठाण्याचं आमचं घर कितव्या मजल्यावर ते आठवेना. सत्यवतीबाई दारात आडव्या आल्या. "नका जाऊ आत, ताई. निकेतसायेब बी असंच रोज थोडं थोडं कमी झालं. आता आरसा बगून इचारतात, ह्यो कोन हाय."
पण आणखी एक नोंद नसेल तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

१५ फेब्रुवारी
शेवटची नोंद म्हणून गेले. चुकले. आरोहीचा चेहरा गेला. फोटो पाहिला, मुलगी गोड आहे, एवढंच वाटलं. हिरा विसरत नाही, कारण माझं सगळं त्याच्यात —
माझ्यासाठीच लिहून ठेवते: तेजस्वी, उद्या सकाळच्या बोटीनं घरी जा. खोलीत पाऊल टाकू नकोस.

१६
बोटीत बसले. शेजारी एक गृहस्थ, मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा. दोघंही पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. उतरायचं कुठे —
संध्याकाळी सत्यवतीबाई हात धरून टेकडीवर घेऊन आल्या.

तारीख बाईंना विचारली. १८.
आज इथे आले. छान वारा आहे. या वहीत आधी कुणीतरी लिहिलंय, खोलीत जाऊ नकोस म्हणे. गंमतच. आत जाऊन आले. डब्यात निळ्या मण्यांची अंगठी आहे, माझ्या बोटात नेमकी बसते.
फोन आला होता. लहान मुलगी, आई आई करत होती. चुकीचा नंबर लागलाय, असं सांगितलं. तिनं नाव सांगितलं. पुन्हा आला तर असावं म्हणून लिहून ठेवते. रडू का येतंय मला —
नाव होतं आ —