निखारमहाल वाचणाऱ्या बायका

पिंपळदरा, ता. अंबड
११ ऑगस्ट २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू एस.टी.बरोबर पाठवलेलं पुस्तकांचं पार्सल मिळालं आणि ‘निखारमहाल’ कादंबरीचे पाचही भाग वाचून झाले. फोनवर बोलले असते तर तू ‘हो आत्या, बरं आत्या’ करून सुटली असतीस. पत्राला उत्तर द्यावंच लागतं, ही तुझ्या आजोबांपासूनची, आमच्या अप्पांपासूनची, घरची रीत. तेव्हा बस आता लिहीत.

मुखपृष्ठावरची ती दोघं शाळेत दिसायला नकोत म्हणून वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती. आमचा शिपाई भारत विचारून गेला की, बाई, यंदा प्रशिक्षण फार मोठं आहे का, इतकं वाचताय. मी हो म्हटलं.

आता माझं मत. उघडंवाघडं लिहिलंय म्हणून मला राग आलेला नाही. शरीराला काय लाजायचं? आठवीच्या मुलींना पाळीचा धडा मी खिडक्या न लावता शिकवते, हे तुला माहीत आहे. माझा राग त्या अधिराजवर आहे. पहिल्याच भागात तो सानवीला डोंगरावरच्या बंगल्यात ठेवतो, तिचा फोन काढून घेतो, ती कुणाशी काय बोलली ते विचारत बसतो. आणि शेवटी म्हणतो की हे सगळं प्रेमापोटी. तीही मान्य करते! याला प्रेम म्हणत नाहीत, डांबून ठेवणं म्हणतात. आमच्या वाचनालयात या मालिकेला सगळ्यात जास्त मागणी आहे, बायका नंबर लावतात. मी कार्यकारिणीवर आहे, गप्प कशी बसू? रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहायला घेतलाय.

राजानंद काय म्हणतो? साखरपुड्यात एक शब्द वावगा बोलला नाही. असा शांत, शिकवणारा मुलगा मिळाला, दादा-वहिनी असते तर किती सुखावले असते. मिथुन आणि प्रियाला आशीर्वाद. आणि पत्रात तरी ‘नाही’ला ‘न्हाई’ लिहू नकोस.

तुझी आठवण काढत असते, तूही काढत जा.
तुझी,
बेबीनंदा आत्या


जुना जालना
२० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

न्हाई. न्हाई. न्हाई. झालं समाधान?

कव्हर घातल्याचं वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले. शेजारी बियाणं मोजायला बसलेली शीतल विचारायला लागली, मंग तिलाही पत्र वाचून दाखवलं. तिनं तुला निरोप दिलाय की अधिराजला चपलेनं मारायचं असेल तर तिचीही एक चप्पल धर. आमच्यात या पुस्तकावरून रोज जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात. शीतल म्हणते, त्याचं बोलणं गाळून बाकीचं वाचायचं. सुपरवायझर मॅडम म्हणतात असली पुस्तकं नवऱ्यांना वाचायला द्यावीत, बायकांना काय करायची. आणि एक बाई आहेत, दोन लेकरांची आई, त्या कधीच काही बोलत न्हाईत. तिसऱ्या भागात बंगला सोडून गेलेली सानवी परत येते आणि तो पहिल्यांदाच तिला विचारतो की तुला काय आवडतं, आणि ती सांगेपर्यंत थांबतो, त्या पानावर त्या बाई अडल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं न्हाई. आणि डबा तसाच ठेवून हात धुवायला गेल्या.

तू पहिल्या भागावर बोलून राह्यली, आत्या, मी तिसऱ्यावर. तू म्हणतेस ते खोटं न्हाई. पहिला भाग वाचताना मलाही त्याचा संताप आल्ता. पण मला अधिराज पाहिजे असं थोडंच आहे? मला ती सानवी आवडते, जी तोंडानं सांगते की हे पाहिजे, ते नको. ही पुस्तकं वाचायच्या अॅपवरही आहेत, तिथं प्रत्येक भागाखाली मी तसं लिहिलंय, माझ्या स्वतःच्या नावानं.

लेख खुशाल लिही. फक्त आम्हाला कुणाला त्यात घेऊ नकोस. मी हे वाचते ते राजानंदला माहीत न्हाई. लपवायचं न्हाई मला, पण सांगायचं तर मीच सांगेन. तो शांत आहे खरा, पण मी कुणासोबत जेवले हे रोज विचारतो. काळजी असेल.

माया करतेस तशीच करत राहा.
तुझी लाडकी,
अक्षता


पिंपळदरा
१६ सप्टेंबर २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

लेख छापून आला. अर्धं पान दिलंय, माझ्या फोटोसकट. परतूरहून, भोकरदनहून फोन आले. एवढी वर्षं लिहिते आहे, पण असा प्रतिसाद कधी नव्हता.

एका वाक्याबद्दल तू रागावशील. ‘माझी सख्खी भाची, बियाणे कंपनीत काम करणारी पदवीधर मुलगी, तीही या निखाऱ्यांत हात घालून बसली आहे,’ असं लिहिलंय. त्यावाचून लेखात जीव येत नव्हता. शिकलेल्या मुलीही यातून सुटत नाहीत, हे घरच्या उदाहरणाशिवाय कोण मानणार? नाव कुठेही घातलेलं नाही.

वाचनालयात अध्यक्ष रामरावांनी माझा सत्कार ठेवला, शाल दिली. भाषणात ते संस्कारांवर बोलले, मोबाईलवर बोलले, मुलींना हल्ली कसा धाक उरला नाही यावर बोलले. मी ज्या अधिराजवर एवढं लिहिलं, त्याचं नावही घेतलं नाही. मला ते जाणवलं. पण शाल अंगावर होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्याच सभेत पाचही भाग काढून टाकायचा ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी दैवशाला चौथा भाग परत करायला आली. शेती करते, दुपारी कापसातून येताना पुस्तक बदलून नेते. टेबलावर पुस्तक ठेवून म्हणाली की बाई, तुम्ही पाची वाचून काढले आणि मंग आमचे बंद केले. मी तिला समजावायला लागले, पण ती थांबली नाही. तिचं ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही. तरी मी लिहिलं ते योग्यच लिहिलं.

तुझं उत्तर लवकर येऊ दे.
तुझी,
बेबीनंदा आत्या


जुना जालना
२७ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

माझा फोन लागत नसेल. तो मिथुनदादाच्या कपाटात आहे. हे पत्र लॅबमध्ये बसून लिहून राह्यले.

बेबीनंदाबाईंना भाची एकच, आणि बियाणं कंपनीत एकच, हे ओळखायला नाव कशाला लागतं? राजानंदच्या आईनं, उषाबाईंनी, लेख वाचून त्याला दाखवला. तो रविवारी कात्रण खिशात घालून आल्ता. आवाज जरासुद्धा चढवला न्हाई. चहा पिला, मंग दादासमोर मला फोन मागितला. मी न्हाई म्हटलं, तर दादानं माझ्या हातातून काढून दिला. मंग त्यानं अॅप उघडलं आणि मी जे जे लिहिलं होतं ते बैठकीत मोठ्यानं वाचलं. सानवीबद्दल, तिला काय आवडतं त्याबद्दल, एक बाई म्हणून ते वाचून मला काय वाटलं त्याबद्दल. मास्तर मुलाचा निबंध वाचतो तसं, मध्येमध्ये थांबून. प्रियावहिनी स्वयंपाकघरातून बाहेरच आली न्हाई. दादा जमिनीकडं बघत होता.

वाचून झाल्यावर राजानंद म्हणाला की त्यानं मला माफ केलंय. मात्र लग्नानंतर नोकरी नको. फोनचा पासवर्ड त्याच्याकडं राहील. आणि आतापासून घर ते लॅब, लॅब ते घर, दादा सोडेल आणि आणेल. दादानं त्याचे हात धरले, आत्या. उपकार झाल्यासारखे.

तुझ्यावर मी चिडलेली आहे, पण ते नंतर. आत्ता एकच मागते. तू ये. या घरात तुझा शब्द कुणी खाली पडू देत न्हाई. तू लेखात अधिराजबद्दल जे लिहिलंस, तेच इथं येऊन राजानंदबद्दल बोल. सगळ्यांसमोर बोल.

वाट पाहते.
अक्षता


पिंपळदरा
१५ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. लगेच निघणार होते. पण विजयादशमीला विहारात स्त्रियांच्या हक्कांवर माझं व्याख्यान ठरलेलं होतं, पत्रकं वाटून झाली होती, आणि त्याला लागून शाळेच्या चाचण्या आल्या. मिथुनशी फोनवर बोलले. तो म्हणतो प्रकरण निवळलंय, आता आत्यानं येऊन पुन्हा उकरू नये.

पुस्तकातला माणूस वेगळा आणि घरातला वेगळा, अक्षता. राजानंदनं चारचौघांत वाचायला नको होतं. त्याचं चुकलंच. पण त्यानं हात उगारला नाही, लग्न मोडलं नाही. दुखावला गेला असेल. कायम नोकरी असलेला, निर्व्यसनी मुलगा आपल्याला पुन्हा कुठे मिळणार? थोडे दिवस शांत राहा. लग्न झालं की तुझ्या स्वभावानं तू त्याला बदलशील. नोकरीचं मी नंतर त्याच्याशी बोलेन.

इकडे रामरावांनी वाचनालयातून आणखी पुस्तकं काढून टाकली. स्त्रियांच्या आरोग्यावरचं एक आणि आपल्याच लोकांची दोन आत्मकथनं, त्यात शिव्या आहेत म्हणे. इतिवृत्त आधीच लिहून ठेवलं होतं. मी सही केली.

माझ्यावरचा राग मनात धरू नकोस.
तुझी,
बेबीनंदा आत्या


नवीन जालना
१० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

वरचा पत्ता बदललाय. मी शीतलच्या खोलीवर राहते.

तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचलं आणि त्याच दिवशी सुट्टी टाकून राजानंदच्या घरी गेले. एकटी. उषाबाई दारात होत्या. अंगठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं की मला हे लग्न करायचं न्हाई. राजानंद आतून आला आणि तसाच शांतपणे म्हणाला की तू आत्ता रागात आहेस, घरी जा, मी तुझ्या भावाशी बोलतो. माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मंग मी तेच दुसऱ्यांदा म्हटलं आणि जिना उतरले.

दादानं फोन परत दिला न्हाई. म्हणाला, या घरातून गेलीस तर परत यायचं न्हाई. वहिनीनं माझे कपडे दोन पिशव्यांत भरून गुपचूप शीतलकडं पोचवले. जाताना रडली आणि म्हणाली की मीही तिसरा भाग वाचलाय.

अधिराजनं फोन घेतला तर तू त्याला गुन्हेगार म्हटलंस, अर्धं पान भरून. राजानंदनं घेतला तर दुखावला असेल म्हटलंस. तुझा लेख मी पुन्हा वाचला. त्यातलं एकही वाक्य चुकीचं न्हाई. म्हणून तर जास्त लागलं. तुला कळत नसतं तर मी तुला बोलावलंच नसतं.

अक्षता


पिंपळदरा
२२ डिसेंबर २०२४

चि. अक्षता हिस,
जयभीम व आशीर्वाद.

कार्यकारिणीचा राजीनामा दिला. रामरावांनी कारणसुद्धा विचारलं नाही, माझ्यासमोरच माझ्या जागी त्यांच्या पुतण्याचं नाव घातलं. ‘निखारमहाल’च्या जागी आता स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत. बायका यायच्या बंद झाल्या. दैवशालाच्या घरी जाऊन मी माझ्याकडचे पाचही भाग तिला देऊ केले. तिनं पाणी दिलं, बसा म्हटलं, पण पुस्तकं घेतली नाहीत. म्हणाली की आता घरात सगळ्यांना माहीत झालंय त्यात काय आहे, आता कसं वाचू.

मी पुढच्या रविवारी तुझ्याकडे येते. मिथुनलाही सोबत घेईन आणि तुझ्यासमोर त्याला बोलेन. जे बोलायचं राहिलं ते सगळं.

तुझी वाट पाहणारी,
आत्या


नवीन जालना
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

त्या रविवारी मी मुद्दाम बाहेर गेल्ते. शीतलनं सांगितलं की तू एकटीच आल्ती आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत पायरीवर बसलीस. दादा आला न्हाई, त्याचं नवल न्हाई. पुन्हा येऊ नकोस. तू वाईट आहेस म्हणून न्हाई. तू समोर आलीस की मी रडेन, आणि मंग सगळे म्हणतील की मिटलं. मला मिटवायचं न्हाई.

मी बरी आहे. नोकरी चालू आहे. नवा फोन घेतलाय, नंबर दिलेला न्हाई.

लिहायचं कारण वेगळंच. राजानंदचं लग्न ठरलंय, मंठ्याकडची मुलगी आहे. उषाबाई सगळ्यांना सांगून राह्यल्या की बेबीनंदाबाईंच्या लेखानं आमचे डोळे वेळेवर उघडले. मानाची पत्रिका तुला पहिली पाठवणार आहेत. येईलच.

जायचं की न्हाई ते तू ठरव. पण गेलीस तर कुणी सत्कार करायच्या आधी त्या मुलीला बाजूला घे. तुझा फोन तुझ्याकडं आहे का, एवढंच विचार. आणि ती न्हाई म्हणाली, तर या वेळी तरी सगळ्यांसमोर बोल, तशीच जेवायला बसू नकोस.

अक्षता