उत्तर येईपर्यंत

प्रिय सहा-सात,

पेटीतल्या सगळ्यात बारीक पान्याचं हे नाव गॅरेजमधल्या माणसांनी तुला ठेवलं, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. अजूनही सकाळी कोणी ना कोणी विचारतंच, मालक, आमची सहा-सात कशी आहे? आतापर्यंत बरी आहे म्हणून विषय संपवायचो. आता सांगतो, तुम्हा सगळ्यांपेक्षा खमकी आहे.

तू साक्षीला उभी राहिलीस त्या दिवशी मी कोर्टात होतो. सुनावणी बंद दाराआड होती, पण बाप म्हणून न्यायाधीशांनी आत बसू दिलं, खांबाआडच्या शेवटच्या बाकावर. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून गाडी गेली तरी तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. त्यामुळे एक शब्द सुटला नाही. बलात्कार हा शब्द तू न अडखळता उच्चारलास. माझ्या जिभेवर तो अजून येत नाही, लिहिला तोही आज पहिल्यांदाच. मग त्या आरोपी मुलाचा वकील आवाजाला साखर लावून म्हणाला, तुम्ही स्वतःहून त्याच्या खोलीवर गेलात, ओरडला नाहीत, मग तुमची संमती आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं, यात त्याचं काय चुकलं? तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालीस, मी हात सोडवून घेतला, त्यानंतर माझा आवाजच फुटेना. माझ्या वडिलांच्या गॅरेजात चावी फिरवण्याआधी गाडीखालच्या माणसाला ‘बाहेर का?’ म्हणून हाळी देतात. ‘बाहेर’ असं उत्तर आलं नाही, तर चावी फिरत नाही. याने तर विचारलंच नाही.

ती शिस्त माझी, बाळा. माझा सगळ्यात हुशार फिटर एकदा उत्तराची वाट न बघता चावी फिरवून बसला आणि खालच्याचं बोट गेलं. मला वाटलं तो बाहेर आलाय, म्हणत ढसाढसा रडला. खोटं बोलत नव्हता. तरी त्याच दिवशी त्याला काढला. तू कोपऱ्यात टायरवर बसून गृहपाठ करत होतीस. सगळं बघत होतीस, हे मला परवा कळलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकीलबाईंनी त्या मुलाला धारेवर धरलं, तेव्हा उमगलं की कायदाही तेच मागतो. नुसतं वाटून भागत नाही. बाई त्याला विचारत होत्या, शहाण्या माणसाला तसं वाटावं असं तुला दिसलं काय, आणि खात्री करायला तू केलंस काय? तो म्हणाला, ती गप्प होती. आणि तिने हात सोडवून घेतला तेव्हा? तो म्हणाला, मला वाटलं वरवर नको म्हणते, आतून तिलाही हवंच असेल.

शाळा आठवीत सोडलेल्या माणसाला कायदा त्याच्या लेकीने शिकवला, असं सगळ्यांना सांगत सुटावंसं वाटतं. पण मी कुठल्या तोंडाने मिरवू? तू पहिल्यांदा घरी येऊन सांगितलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, तू त्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणाली होतीस ना? त्या वकिलाचाच प्रश्न, फक्त साखर न लावता. तेव्हापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस. तो प्रश्न मी मागे घेतो. फार उशिरा घेतो, हेही कळतंय.

आता हे पत्र का ते. कोर्टात येऊ नका, असं तू मला बजावलं होतंस. तरी मी आलो, दोन्ही दिवस. मनात म्हटलं, वरवर नको म्हणते, आतून तिला बाप हवाच असेल. त्या मुलाची उलटतपासणी ऐकताना हेच वाक्य माझ्या कानावर आलं, दुसऱ्याच्या तोंडून. माझा गुन्हा तेवढा नाही, पण घडण तीच. निकाल सोळा तारखेला आहे. तो कसाही लागला तरी तुझी मान खाली जाण्यासारखं काही उरलेलं नाही. मला तुझ्या शेजारी बसायचं आहे. येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही, आणि या वेळी खरंच येणार नाही.

तुझाच, तुझ्यामुळे छाती फुगलेला,
बाबा