फ्रिजच्या दारातली जागा

मंगळवार, संध्याकाळ

वजन कमी करायला डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. नाहीतर आठवड्यातून एकदा पोटाला इंजेक्शन, ते मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं. मी इंजेक्शन म्हणाले. रिक्षात बसल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, "गोळीच घ्यायची की. फ्रिजमध्ये दिसलं तर चार माणसं विचारतील."

तेव्हापासून डोकं फिरलंय. फ्रिजच्या दारात सासूबाईंचं इन्सुलिन इतकी वर्षं उघड उघड आहे, लिंबांच्या शेजारी. रोज मीच टोचते त्यांना. त्यांचं ते औषध, आणि माझं लपवायचं? मी काय चोरी केलीय? आणि डबे भरायच्या घाईत अर्धा तास चहाशिवाय... कोण राहील?

औषध घेऊनच घरी आले. लिंबं खालच्या कप्प्यात टाकली आणि माझं खोकं दारातच ठेवलं, इन्सुलिनला खेटून.

सासूबाई म्हणाल्या, "मला तू टोचतीस. तुला कोण टोचणार गं?"

म्हटलं, "मीच की."