सपाट समुद्राची वाट

गुरुवार, २९ सप्टेंबर

ठरलं. समुद्र सपाट असेल त्या दिवशी आमचं लग्न.

कल्पना लोर्कनची, नवरदेवाचीच. डोनलच्या सर्फिंगच्या दुकानात, सगळ्यांसमोर, हातात चहाचा मग. "तारीख धरली आणि नेमक्या त्या दिवशी लाटा चांगल्या निघाल्या तर अर्धं वऱ्हाड पाण्यात असेल," तो म्हणाला.

"करवला पण," डोनल म्हणाला. करवला तोच.

म्हणून एक तारखेपासून पंधरापर्यंत थांबायचं. सर्फिंगच्या स्पर्धांना थांबतात तसं. ज्या दिवशी समुद्र झोपलेला असेल त्या दिवशी अकरा वाजता चर्च. दोन दिवस आधी एकाने "हो" म्हणायचं, म्हणजे हॉटेलवाल्यांना तयारी करता येईल. तो एक म्हणजे मी. ट्रॉवॉनच्या किनाऱ्याचा अंदाज मीच लिहिते — वारा, लाटा, भरती-ओहोटी. डोनलच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर.

आणि एक शपथ. हे पंधरा दिवस माझ्याशिवाय कुणी नकाशे बघायचे नाहीत. खोल समुद्रात तरंगत येणाऱ्या लाटा मोजणाऱ्या बोयाचे आकडे नाहीत, फोन नाही. फक्त माझा फळा. "नवरीचा झगा आधी बघत नाहीत ना, तसं," लोर्कन म्हणाला. सगळे हसले. मी पण हसले.

घरी आल्यावर हसू आलं नाही.

शनिवार, १ ऑक्टोबर

वारा वायव्येचा, जोराचा, खारा. समुद्र म्हणजे नुसता फेस. कुणाच्या कामाचा नाही, पण सपाट तर नाहीच.

कळवलं — नाही.

फादर टिमनी वाटेत भेटले. त्यांना सगळा प्रकार समजावून झाला आहे. ते म्हणाले, "रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल. फक्त अंत्यविधी आला तर तो आधी. मेलेला माणूस थांबत नाही. लाटा थांबत नाहीत असं तुम्ही सांगताच आहात. राहिलात तुम्ही दोघं. तुम्ही थांबा."

रविवार, २ ऑक्टोबर

मलिंगरहून एकजण आला होता. नवा कोरा बोर्ड. दुपारी त्याचे दोन तुकडे घेऊन दुकानात.

"बाई, फळ्यावर दोन फूट लिहिलंय तुम्ही. लाट माझ्या डोक्यावरून गेली."

"आम्ही मागून मोजतो," डोनल म्हणाला.

"लाट मागून कोण बघतं?"

"आम्ही."

तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग त्याने डोनलकडूनच दुसरा बोर्ड घेतला.

निम्मं लिहायचं ही इथली रीत आहे. चार असेल तर दोन. गर्दी होत नाही, आणि आपण बढाया मारत नाही. मला डोनलच्या वडिलांनी शिकवलं. निम्मं म्हणजे खोटं नव्हे, ते म्हणायचे. आहे त्याला नाही म्हणणं वेगळं. ते मी कधी केलेलं नाही.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

नाही.

नोरीन आली. माझी मोठी बहीण, म्हणजे विचारून येत नाही. पिशवीत प्रागचा बाळ येशू, छोटी मूर्ती. आईचा. लग्नाच्या आदल्या दिवशी हा कुंपणाखाली ठेवला की लग्नाला ऊन पडतं. डोकं एकदा मोडून चिकटवलेलं. मोडक्या डोक्याचा जास्त चांगला, म्हणतात.

"आदला दिवस कुठला ते तरी कळू दे," मी म्हणाले.

"म्हणून आजपासूनच ठेवते. बसू दे पंधरवडाभर."

"पण हा पाऊस थांबवतो, नोरीन. लाटा नाही."

"देव आहे तो. खातं वेगळं म्हणून परत पाठवणार नाही."

मग स्वयंपाकघरात आली आणि कोट न काढता बसली. हे कधीच चांगलं लक्षण नसतं.

"एक सांग, ब्रोना. लाटा असताना लग्न ठेवलं तर तो येईल का?"

मी पाव कापत होते.

"तुला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून हे सगळं सोंग. त्याला निवडायची वेळच येऊ नये म्हणून समुद्र सपाट हवा तुला."

"कल्पना त्याची होती."

"आणि मान कुणी डोलावली?"

फेब्रुवारीचं तिने काढलं नाही. काढायची गरज नव्हती. बाबा स्लायगोच्या इस्पितळात होते, माझी गाडी बंद, लोर्कन नेणार होता. मी फाटकात उभी. तो दोन तास उशिरा आला, कमरेपर्यंत रबरी सूट तसाच. बाबा त्या दिवशी गेले नाहीत, त्यानंतर चार दिवसांनी गेले. म्हणजे तसं नुकसान काही झालं नाही. त्या दिवशी गाडीत लोर्कन रडला. मला रडू आलं नाही. मी काचेवरचं धुकं पुसत होते.

पाव जाड कापला गेला. नोरीनने तरी खाल्ला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

वारा पडला, मग फिरला. सकाळभर मतलई, जमिनीकडून समुद्राकडे; त्याने लाटा नीट उभ्या राहतात. लाटा चांगल्या. फळ्यावर "तीन" लिहिलं आणि स्वतः तासभर जाऊन आले.

लोर्कन उजाडल्यापासून पाण्यात. मिसेस हारगॅडनच्या हॉटेलच्या मागच्या भिंतीला गिलावा करायचा होता. चुना भिजवून ठेवला आणि गेला. चुना वाळला. दुपारी दुसरा भिजवला आणि गात गात भिंत पूर्ण केली. सुरेख झाली आहे. मिसेस हारगॅडन रागावल्या होत्या, मग हात फिरवून बघितलं आणि त्याला सूप दिलं.

त्याच्यावर कुणाला फार वेळ रागावता येत नाही. हीच अडचण आहे.

संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या पण असेल का?"

"शपथ," मी म्हणाले.

"हां. शपथ." माझ्या हातावर डोकं ठेवून तो झोपला. त्याच्या नाकातून समुद्राचं पाणी आलं. थोडंसं. बाहीवर.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

हो!

सोमवारी जास्त दाबाचा पट्टा बरोबर आमच्यावर येऊन बसतोय. वारा नाही, लाटा नाहीत. ऑक्टोबरात असं क्वचितच. तीनदा नकाशे बघितले, मग सगळ्यांना कळवलं. मिसेस हारगॅडननी बीफ बाहेर काढलं. डोनलने सूट वाळत टाकला — कपाटातून काढला तर त्याला बुरशी. नोरीन म्हणाली, "बघितलंस? पाचव्या दिवशी पावला." मूर्तीबद्दल.

लोर्कनने मला उचललं. खरोखर आनंद झाला होता त्याला. तेवढं मला कळतं.

रविवार, ९ ऑक्टोबर

फादर टिमनींचा फोन. काल रात्री गावातल्या फीनीआजी गेल्या. वय त्र्याण्णव. अंत्यविधी सोमवारी, अकरा वाजता.

"मी म्हणालो होतो," फादर म्हणाले.

"दुपारी लग्न लावता येणार नाही का?"

"त्याच फुलांत?" मग जरा मऊ होऊन, "पोरी, गाव जेवून सुस्त होईल. गाणार कोण?"

सोमवार, १० ऑक्टोबर

समुद्र ताटलीसारखा.

सगळे अंत्यविधीला. लोर्कनकडे एकच सूट, तो लग्नाचा. तोच घालून त्याने शवपेटीला खांदा दिला. फीनीआजींच्या मुलाने त्याचे आभार मानले, इतका नीट कपडे करून आला म्हणून. जेवण हारगॅडनकडे. आमचं बीफ. चांगलं झालं होतं.

चहाच्या वेळी तो माझ्याशेजारी येऊन बसला. टाय सोडलेला.

"शनिवारपर्यंत काही दिसतंय का?"

"नाही अजून."

"मग मे मध्ये करू. काय हरकत आहे? मे मध्ये समुद्र दमलेला असतो."

बोलला अगदी सहज. वाईट काही नव्हतं त्यात. सँडविचचा कोपरा त्याने मला दिला, मला कडा आवडतात म्हणून.

मे. मग पुढचा मे. मी कड खाल्ली.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

सकाळी नकाशे उघडले. न्यूफाउंडलंडच्या पलीकडे कमी दाबाचं एक प्रचंड वर्तुळ तयार होतंय. ते तिथेच राहील, आमच्याकडे येणार नाही. येतील नुसत्या लाटा. लांबून चालत, एकमेकींत भरपूर अंतर ठेवून. आणि इथे वारा आग्नेयेचा, हलका, शुद्ध मतलई. ओहोटी संपून भरती सुरू होताना वाळूच्या बांधावर नेमक्या पोहोचतील.

शनिवारी सकाळी.

इतका चांगला नकाशा मी बघितलेला नाही. गेली चार वर्षं तरी नाही. निम्मं लिहिलं तरी पाच येतं.

चहा केला. प्यायले नाही.

दुकानाच्या फळ्यावर लिहिलं — शनिवार: सपाट.

खडू फळ्यावर नीट उठत नव्हता. दोनदा गिरवावं लागलं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

अजून खोडता येईल.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

खोडलं नाही. "हो" कळवलं. शनिवार, अकरा वाजता.

आता हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला दुसरं काही म्हणता येणार नाही. चर्च किनाऱ्याच्या बरोबर वर आहे. लाट फुटली की आत ऐकू येते. पंधरा सेकंदांनी एक. फादर प्रार्थना म्हणत असतील आणि मागे ती. तो येईल की नाही, आला तर आत थांबेल की नाही, थांबला तर मान वळेल की नाही — हे मला बघायचं आहे. मे पर्यंत नाही. आत्ता.

हे नीच आहे. नोरीनला सांगितलं तर ती मला शेंगदाण्यासारखी सोलेल. मग म्हणेल, बरं केलंस.

डोनल फळ्यासमोर उभा होता. "सपाट? अगदी?"

"अगदी."

"ऑक्टोबरात दोनदा?"

"बाळ येशू कुंपणाखाली आहे," मी म्हणाले. त्याने टोपी काढली. हा माणूस लाटेला घाबरत नाही, पण मूर्तीला घाबरतो.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दिवसभर वारा नाही. समुद्र खरंच सपाट. सगळे मला शाबासकी देऊन गेले. मिसेस हारगॅडनकडे आता सामन मासा. बीफ परत मिळालं नाही.

झगा दाराला टांगला आहे. मूर्तीच्या अंगावर गोगलगाय होती, काढली.

अंधार पडायच्या सुमाराला लोर्कनचा फोन.

"काय करतेयस?"

"काही नाही. केस धुतले."

"उद्या सपाट ना?"

"सपाट."

त्याच्या बाजूला किटली शिट्टी मारत होती, आणि त्याने ती उचलली नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग अकराला."

"अकराला."

नंतर मी खिडकी उघडून ऐकत बसले. काही नाही. मग एक. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरी.

शनिवार, १५ ऑक्टोबर

उजाडताच नुसतं बघायला गेले, रोज जाते तशी. नकाशापेक्षा चांगलं होतं. पाण्यात एकही माणूस नाही. माझ्यामुळे सगळे घरी शर्टाला इस्त्री करत होते. बोर्ड गाडीतच होता. म्हटलं, एकच लाट.

चर्चला पोहोचले तेव्हा बारा वाजत आले होते. झग्याची मागची बटणं नोरीनने वाटेत, गाडीत लावली, एक शब्द न बोलता. केसांतून पाणी गळत होतं. अख्खं वऱ्हाड बाहेर भिंतीपाशी, समुद्राकडे तोंड करून. डोनलने बूट काढले होते. एकटा लोर्कन दारात उभा होता, रस्त्याकडे बघत. कोरडा. अकरापासून.

"काल बोयाचे आकडे बघितले मी," तो म्हणाला. "फोन करायच्या आधी."

मी हाताने केस पिळले.

"कशा होत्या लाटा?" त्याने विचारलं.

"आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या."

त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.